शेत लेकींचं, वाट लेकांची

पारियांगानमध्ये एखाद्या खाचराकडं बोट दाखवून ‘हे शेत कुणाचं?’ असं विचारलं, तर उत्तरात बापाचं किंवा नवऱ्याचं नाव येत नाही. आजीचं येतं, आजीच्या आईचं येतं आणि त्या बायका ज्या कुळातल्या त्या कुळाचं येतं. सांगणारा पुरुष असला तरी उत्तर तेच. सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात, मारापी नावाच्या जागत्या ज्वालामुखीच्या उतारावर हे गाव वसलेलं आहे. मिनांगकाबाऊ लोक मानतात की त्यांच्या साऱ्या गावांत हे आद्य. पूर्वज मारापीवरून खाली आले ते पहिल्यांदा इथं राहिले. आईकडून कूळ आणि मालमत्ता चालवणारे जे समाज आज जगात उरले आहेत, त्यांत मिनांगकाबाऊंचा समाज सर्वांत मोठा. एकट्या पश्चिम सुमात्रा प्रांतात ते ४० लाखांहून अधिक आहेत, आणि जवळपास सगळेच श्रद्धाळू मुसलमान.

मी शेतकऱ्याच्या घरातली. वाटणी, फेरफार, सातबारा, बांधावरची भांडणं हे सगळं जेवताना कानांवर पडत मोठी झाले. म्हणून इंडोनेशियाला जायचं ठरल्यावर बालीचं नाव मी आधीच बाजूला ठेवलं. जिथं जमीन लेकीकडं जाते ते गाव मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून विमानानं तासाभरात पाडांग. व्हिसा विमानतळावरच मिळतो. पाडांगहून आत जायला तिथले लोक ज्याला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात ती सात-आठ माणसांची गाडी सोयीची. एकेकाला त्याच्या दारातून उचलत ती शहरभर फिरते आणि मग घाटाला लागते. आनाईच्या खोऱ्यात धबधबा अगदी रस्त्याला खेटून कोसळतो आणि वर जुन्या रेल्वेचा पूल दिसतो. सावालुंतोच्या खाणींतला कोळसा बंदरापर्यंत आणायला डचांनी ही रेल्वे बांधली. त्या खाणी आणि रेल्वे २०१९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मारापीचा उद्रेक झाला, त्यात वीसहून अधिक गिर्यारोहक दगावले. पुढच्या मे महिन्यात पावसानं ती साठलेली राख आणि दगडगोटे खाली ओढून आणले. साठाहून जास्त माणसं गेली आणि याच खोऱ्यातला रस्ता वाहून गेला. आमचा ड्रायव्हर दुरुस्त केलेल्या प्रत्येक वळणावर गाडी हळू करायचा आणि पुटपुटत दुवा मागायचा.

पाडांग पांजांग मागं पडलं की बातुसांगकारच्या रस्त्यावर हवा गार होते आणि उतरंडीवर भाताच्या पायऱ्या सुरू होतात. एका खाचरात चिखलणी, शेजारी लावणी, त्याच्या खाली पिवळं पडलेलं भात, आणि त्याही खाली झोडणी चाललेली. पाणी बारमाही असल्यामुळं सगळ्यांचा हंगाम एकच असावा लागत नाही. आमच्याकडं जून-जुलैत गावचं गाव एकाच दिवसात चिखलात उतरतं. इथं एका नजरेत वर्षभराची शेती दिसते.

मी ज्या घरी राहिले ते जुनं ‘रुमाह गादांग’, म्हणजे कुळाचं मोठं घर. छपराची दोन्ही टोकं म्हशीच्या शिंगांसारखी आभाळात उचललेली. पूर्वी ते एका ताडजातीच्या झाडाच्या काळ्या, राठ तंतूंनी शाकारत. आता बहुतेकांनी पत्रा घातला आहे. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडांवर टेकवलेले आहेत, आणि बाहेरच्या अंगाला किंचित कललेले आहेत. जोड लाकडी खुंट्यांचे, खिळा नाही. ३० सप्टेंबर २००९ ला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा पाडांगमध्ये सिमेंटच्या इमारती कोसळल्या आणि प्रांतभरात ११०० हून अधिक माणसं गेली. आमची घरमालकीण सांगत होती की त्या संध्याकाळी हे घर बराच वेळ करकरत राहिलं, पण जागेवर राहिलं.

तिला मी ‘ऊनी’ म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. तिची आई सगळ्यांची ‘आमाक’. ऊनीची मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते. ती मला ‘एतेक’, मावशी म्हणू लागली आणि पुढचं सगळं संभाषण तिच्या तोंडून झालं.

घराचा आराखडाच या समाजाची वंशावळ सांगतो. पुढं लांबलचक मोकळा ओटा, पाठीमागं ओळीनं खोल्या. लग्न झालेल्या प्रत्येक लेकीला एक खोली. नुकतं लग्न झालेलीला टोकाची खोली मिळते. धाकटीचं लग्न झालं की थोरली एक खोली सरकते. अशा सरकत सरकत बायका म्हातारपणी स्वयंपाकघराच्या जवळ येतात. मुलग्यांना खोली नाही. नवरा इथं बायकोच्या घरी राहायला येतो. त्याचा मान असतो, त्याच्यासाठी पानात वेगळं काही वाढलं जातं, पण घराच्या निर्णयात तो नसतो. अशा जावयाला ‘सुमान्दो’ म्हणतात, आणि त्याच्याबद्दल तिथं एक जुनी म्हण आहे: ओंडक्यावरची राख, वारा आला की उडून जायची. ऊनीचा नवरा ही म्हण स्वतःच मला सांगत होता. मग शांतपणे म्हणाला, “पण माझ्या बहिणींच्या घरी मी मामा आहे. तिथं माझ्याशिवाय पान हलत नाही.”

हे समजून घेतल्याशिवाय तिथला पुरुष कळत नाही. आपल्या मुलांचा तो बाप आहे, त्यांच्यावर जीव लावतो, कमाईही त्यांच्यावर खर्च करतो. पण कुळाचा अधिकार त्याच्याकडं येतो तो बहिणीच्या मुलांचा मामा म्हणून. भाचीचं लग्न, भाच्याचं शिक्षण, शेताचा वाद, सगळ्यात मामाचा शब्द लागतो. कुळाचा प्रमुखही मामांपैकीच एक असतो, त्याला ‘दातुक’ ही पदवी मिळते, आणि तो मरण पावला की पदवी त्याच्या मुलाकडं न जाता भाच्याकडं जाते.

आता जमिनीचं. वडिलोपार्जित नव्हे, मातोपार्जित म्हणावी अशी जी जमीन, घर आणि तळी आहेत, त्यांना ‘पुसाको’ म्हणतात. ती विकता येत नाही. कुणालाच नाही, आमाकलाही नाही, दातुकलाही नाही. ती कसायची, त्यातलं भात खायचं आणि पुढच्या लेकींच्या हाती सोपवायची. अगदीच वेळ आली तर गहाण ठेवता येते, तीही रूढीनं सांगितलेल्या चार कारणांसाठी: घरात मयत पडलं आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही, उपवर मुलीचं लग्न अडलं आहे, मोठं घर गळायला लागलं आहे, किंवा रिकामं पडलेलं दातुकपद पुन्हा उभं करायचं आहे. मुलाला मोटारसायकल हवी, कुणाला धंद्यात भांडवल हवं, ही कारणं यादीत नाहीत.

आमाकनं मला तिचं एक गहाण पडलेलं आणि सुटलेलं शेत दाखवलं. म्हातारीचा हात धरून आम्ही पाटाच्या कडेनं उतरलो. बांध इतका अरुंद की एका पायापुढं दुसरा ठेवत जावं लागतं. ती सरावानं चालली, मला जपून पावलं टाकावी लागली. खालच्या अंगाला कॉफीची चार झुडपं, त्यापलीकडं भात निसवलेलं दोन खाचरांचं शेत. तिच्या तरुणपणी मोठ्या घराचं छप्पर गेलं होतं, तेव्हा तिच्या आईनं आणि मामानं हे शेत गहाण टाकलं. गहाणाचा हिशेब सोन्यात होतो. तिथलं माप ‘एमास’, एक एमास म्हणजे अडीच ग्रॅम. रुपियाची किंमत घसरली तरी कर्ज घेणारा आणि देणारा दोघंही त्याच जागी राहतात. सोनं परत मिळेपर्यंत धनकोनं शेत कसायचं, पीक त्याचं. मुदत नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या एका कायद्यानुसार सात वर्षं गहाण राहिलेली शेतजमीन फुकट परत द्यायला हवी, पण मिनांग गावांत तो कायदा फारसा कुणी लावत नाही. शब्द दिला तो सोन्याचा, परत द्यायचं तेही सोनंच.

हे शेत सोडवलं आमाकच्या मुलानं. जकार्ताच्या कडेला त्याची खाणावळ आहे. दरवर्षी थोडं थोडं सोनं जमवून त्यानं ते आईकडं पाठवलं. आज ते शेत ऊनीची धाकटी बहीण कसते, आणि पुढं तिच्या लेकी कसतील. त्या मुलाच्या स्वतःच्या मुलांना त्यातली वीतभर जमीन मिळणार नाही, कारण ती मुलं त्याच्या बायकोच्या कुळातली. मी विचारलं, “मग त्याला काय मिळालं?” ऊनीच्या मुलीनं भाषांतर केलं तेव्हा आमाकला प्रश्नच नीट उमगला नाही. पुन्हा सांगितल्यावर ती म्हणाली, “आईचं शेत परत आलं की.”

मी बराच वेळ बांधावर तशीच उभी राहिले. माझ्या ओळखीत बहिणीसाठी जमीन सोडवणारा एकही भाऊ मला आठवेना.

पुरुषांना जमीन नाही, खोली नाही, म्हणून ते बाहेर पडतात. या बाहेर पडण्याला ‘मरान्ताऊ’ म्हणतात आणि ते तिथं वयात येण्यासारखंच स्वाभाविक मानलं जातं. पूर्वी सात-आठ वर्षांचा मुलगा रात्री झोपायला ‘सुराऊ’त जाई. ते लहानसं प्रार्थनागृह. तिथं कुराण शिकायचं, सिलात नावाची कुस्तीसारखी विद्या शिकायची, आणि परदेशाहून आलेल्यांच्या गोष्टी ऐकायच्या. बायको गेलेला म्हातारा पुरुषही पुन्हा तिथंच झोपायला येई. आता मुलं घरीच झोपतात, पण घर सोडून जाण्याची तयारी त्यांच्या अंगात आजही आहे. इंडोनेशियाच्या कुठल्याही गावात पाडांगी खाणावळ दिसते, हातावर एकावर एक बशा रचून आणणारा पोऱ्या दिसतो, त्यामागं हेच आहे. १९३७ पासून चाललेली एनपीएम ही बस कंपनी या वाटसरूंच्याच जोरावर उभी राहिली. जकार्ताहून निघालेली बस फेरीबोटीनं सुंदा सामुद्रधुनी ओलांडून रात्र-दिवस चालत इथं पोचते. ईदच्या आधी परतणाऱ्यांच्या गाड्यांनी घाटरस्ते तुंबतात.

आणि या छोट्या डोंगराळ मुलखानं देशाला माणसं किती दिली! पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा बुकिटिंग्गीचे, पहिले पंतप्रधान सुतान शहरीर पाडांग पांजांगचे. त्याच शहरीरांना डच वेढ्यातून १९४७ मध्ये बिजू पटनायकांनी विमानातून दिल्लीला आणलं होतं. तान मलाका, हाजी अगुस सालिम, लेखक हामका, सगळे याच भागातले. घरात वाटा नसलेली मुलं अशी देशभर पसरली.

गावात मन रमावं असं खूप आहे. मशिदीला लागून गरम पाण्याचे झरे आहेत. बायकांचं आणि पुरुषांचं न्हाणं वेगळं, भिंतीआडून गप्पा मात्र अखंड. ओढ्याकाठी १४ व्या शतकातल्या आदित्यवर्मन राजाचा शिलालेख आहे, पाण्यानं अक्षरं झिजून गेलेली. कापणी झाल्यावर या जिल्ह्यात बैल पळवतात. दोन बैल, मागं लाकडी चौकट, त्यावर अनवाणी उभा असलेला हाक्या दोन्ही शेपट्या धरून चिखलातून सुटतो आणि वेग हवा तर शेपटी चावतो. एका वेळी एकच जोडी पळते. जो बैल सरळ पळतो त्याची किंमत वाढते. नुसत्या वेगाला तिथं फार भाव नाही. शंकरपट पाहिलेल्या माणसाला हे ताबडतोब कळतं.

कॉफीच्या पानांचा काढा नारळाच्या करवंटीतून पितात. डचांनी १८४७ पासून सक्तीनं कॉफी लावायला लावली आणि बिया सगळ्या सरकारजमा केल्या. लोकांच्या हाती पानं उरली, ती त्यांनी भाजून उकळली. चव गवती चहाच्या जवळची.

पण माझ्या जिभेवर राहिलं ते दादियाह. पहाटे ऊनीनं म्हैस पिळली आणि धारोष्ण दूध, न तापवता, हिरव्या बांबूच्या नळीत ओतलं. वर केळीचं पान बांधलं आणि नळी सावलीत कोपऱ्याला उभी केली. विरजण नाही. बांबूतच जे असतं त्यानं दोन दिवसांत दूध घट्ट बसतं. मग ती नळी वाडग्यावर उपडी करून थोपटायची, पांढरी वडी अलगद सुटते. खाली चिकट तांदळाचे कांडून चपटे केलेले पोहे, वर काळा ताडगूळ आणि ओलं खोबरं. दहीपोहेच ते. पहिला घास घेऊन मी तिला सांगितलं की आमच्याकडं गोपाळकाल्याला हेच वाटतात, तेव्हा तिनं मला दुसऱ्यांदा वाढलं.

हे गाव म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणणार नाही. जमीन बायकांची असली तरी कुळाच्या बैठकीत बोलतात ते मामा. ऊनीच्या मुलीला बँकेचं कर्ज घ्यायचं होतं, त्यासाठी जमीन तारण ठेवावी लागणार होती. कुळाच्या जमिनीचा दाखला एकीच्या नावावर काढायचा तर साऱ्या कुळाची संमती आणि प्रमुख मामाची सही लागते, त्यात तिची दोन वर्षं गेली आणि शेवटी तिनं नाद सोडला. लेक नसलेलं घर संपतं. शिकलेल्या मुली आता भावांइतक्याच बाहेर पडतात, म्हणून कितीतरी मोठी घरं बंद आहेत, ओट्यावर पालापाचोळा साठला आहे. खाली पासामान आणि धार्मास्रयाच्या बाजूला कुळांच्या सामाईक रानजमिनी पामतेलाच्या कंपन्यांना गेल्या, आणि लीज संपल्यावर त्या कुळाला परत न येता सरकारकडं जातात, याचा राग आजही धुमसतो आहे. १९७९ च्या कायद्यानं तर ‘नागारी’ ही गावव्यवस्थाच मोडून सगळ्या देशाला एकच साचा लावला होता. सुहार्तोंची राजवट गेल्यावर २००० साली प्रांतानं ती परत आणली.

तरीही ही रीत टिकली, आणि ती कशी टिकली हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला मक्केहून परतलेल्या सुधारकांनी हिला धर्मबाह्य म्हणून मोडायचा प्रयत्न केला. त्यातून यादवी झाली आणि डच आत शिरले. पुढं समेट झाला तो मालमत्तेचे दोन भाग करून. पूर्वजांकडून आलेलं ते पुसाको, ते रूढीप्रमाणं लेकींकडं. स्वतः कमावलेलं ते धर्मशास्त्राप्रमाणं मुलगे आणि मुली दोघांना. १९५२ मध्ये बुकिटिंग्गीत धर्मगुरू, कुळप्रमुख आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी हेच ठरवून टाकलं. केरळातल्या नायर घरांतही जमीन आईकडून चालायची, पण तिथं एकत्र मालकी १९७६ मध्ये कायद्यानंच संपली आणि तरवाडांच्या, म्हणजे एकत्र कुटुंबांच्या, वाटण्या झाल्या. मिनांग बायकांची जमीन वाचली, कारण ती कुणा एकीची नव्हती.

आपल्याकडं कायदा तर केव्हाच झाला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला, २००५ मध्ये देशानं दिला, आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली होती, तेही याच मातीत. असं असताना तलाठ्याकडं वारसनोंद झाली की पाठोपाठ हक्कसोडपत्र येतं. बहीण सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटेल अशी भीती असते. माझ्या आईनं केली होती. तिच्या दोन्ही बहिणींनी केली होती. त्यानंतर दर दिवाळीला त्या भाऊबिजेची साडी घ्यायच्या, आणि आजोळच्या अंगणात पाहुण्यासारख्या कडेला बसायच्या. हे मी लहानपणापासून पाहत आले आणि कधी त्याबद्दल तोंड उघडलं नाही.

वडील गेल्यावर आमच्या घरीही तसा कागद तयार झाला होता. माझा भाऊ चांगला आहे, कष्टाळू आहे, त्यानंच शेत राखलं आहे. कागद त्यानं मागितला नव्हता, रिवाज म्हणून वकिलानं टाइप करून ठेवला होता. परत आल्यावर मी त्याला आमाकच्या मुलाची आणि त्या दोन खाचरांची हकीकत सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग कसणार कोण?” मी म्हटलं, तूच. पीक तुझं. नाव मात्र आम्हा दोघी बहिणींचंही राहू दे, म्हणजे उद्या ती जमीन विकायची वेळ आली तर तिघांना एकत्र बसावं लागेल.

तो कागद आम्ही रद्द केला. सातबाऱ्यावर आता तिघांची नावं आहेत.